लेबलावरचं चित्र पुसट का आलं?

दिवाळीआधी आमच्या गटाने भाजणीच्या पाकिटांसाठी 500 लेबलं छापून घेतली. गठ्ठा सोडला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. पिवळ्या लेबलावर गटाच्या चिन्हाभोवती पांढरा चौकोन, अक्षरं पुसट. पैसे बचतीतले. आम्ही छपाईवाल्याशी भांडायला निघालो, तर त्याने आम्ही पाठवलेली फाइलच उघडून दाखवली. चूक आमची होती. ती तुमची होऊ नये म्हणून आज हा विषय.

फाइलच्या नावाशेवटी टिंब देऊन जी अक्षरं येतात, त्यावरून तिचा प्रकार कळतो. आपल्या कामाचे प्रकार दोन: जेपीजी आणि पीएनजी.

जेपीजी 1992 पासूनचा. तो डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळून फोटो हलका करतो. त्यामुळे फोटो कमी जागेत मावतो, लवकर पोचतो. बैठकीचा, शेताचा, मालाचा फोटो यातच ठेवावा. पण त्यात बदल करून तो पुन्हा पुन्हा साठवला, की दर वेळी थोडं गळतं. गळलेलं परत येत नाही.

पीएनजी 1996 मध्ये आला. तो लुगड्याच्या घडीसारखा. घडी घातली की जागा कमी लागते, उलगडली की लुगडं जसंच्या तसं. अक्षरं, रेघा, गटाचं चिन्ह यात ठळक राहतं. चिन्हाची मागची बाजू पारदर्शकही ठेवता येते. जेपीजीत ती सोय नाही, म्हणून आमच्या लेबलावर पांढरा चौकोन उमटला. मात्र साधे फोटो पीएनजीत ठेवले तर फाइल फार जड होते.

मग अक्षरं पुसट का झाली? आमचं चिन्ह व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोनांतून फिरलं होतं. तिथे फोटो म्हणून पाठवलं की चित्र आकसतं, पीएनजीचाही जेपीजी होतो. म्हणून छपाईची फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

नुसतं नाव बदलून जेपीजीचा पीएनजी होत नाही. पुसट चित्र दुसऱ्या प्रकारात नेलं तरी पुसटच राहतं. म्हणून मूळ फाइल एका जागी जपा. ऑनलाइन अर्ज भरतानाही फोटो कोणत्या प्रकारचा आणि किती केबीचा हवा, ते आधी वाचा.

आता आम्ही आधी एकच लेबल छापून बघतो. सगळ्या जणी हो म्हणाल्या, की मगच बाकीची छापतो.