चौकला लाईट गेली, घरातल्या समुद्राचं काय?

रायगड जिल्ह्यातल्या चौक-कर्जत पट्ट्यात घर घेताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: खोपोली, भिवपुरी शेजारीच, इथे लाईटचा काय प्रश्न! इतिहास म्हणून ते खोटं नाही. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी खाली सोडून तयार केलेली वीज मुंबईला गेली, आधी गिरण्यांना आणि मग शहराला. खालापूर तालुक्यातल्या चौकच्या घरात मात्र लाईट येते ती महावितरणच्या फीडरवरून आणि गावातल्या डीपीवरून. वळवाच्या वाऱ्याने तारेवर फांदी पडली किंवा पहिल्या पावसात इन्सुलेटर फुटला, की शेजारचं केंद्र जोमात चालू असलं तरी घरात अंधारच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला पारेषण यंत्रणेत बिघाड झाला आणि खुद्द मुंबईच ठप्प झाली.

पंखा बंद पडला तर माणूस ओट्यावर जाऊन बसतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशाला तशी सोय नाही. रीफ टँक, म्हणजे मासे, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले दगड) आणि प्रवाळ एकत्र नांदवणारी टाकी, ही पूर्णपणे पंपांवर जगते. ती सांभाळायचे सल्ले आपल्याकडे येतात ते बहुतेक थंड देशांतून. त्यात हिटर आणि ब्लँकेटच्या गोष्टी असतात. चौकमध्ये त्यातल्या निम्म्या उलट्या करून वाचाव्या लागतात.

“दिवे बंद पडले की प्रवाळ मरतात”

ही सगळ्यात मोठी भीती, आणि सगळ्यात कमी खरी. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि प्रवाळाची बरीचशी गरज त्यातूनच भागते, हे खरं. पण पावसाळी ढग आणि गढूळ पाणी यांची समुद्रातल्या प्रवाळालाही सवय असते. दोन-तीन दिवसांच्या अंधाराने निरोगी प्रवाळाचं काही बिघडत नाही. उपद्रवी शैवाल हटवण्यासाठी टाकीवाले तीन दिवस दिवे मुद्दाम बंद ठेवतात. तेव्हा लाईट गेल्यावर पहिली धावपळ दिव्यांसाठी करायची गरज नाही, आणि इन्व्हर्टरवर तर दिवे मुळीच लावायचे नाहीत.

अंधारात खरं घडतं ते वेगळंच. उजेड असताना शैवाल ऑक्सिजन देतं, अंधारात तेही ऑक्सिजन घेऊ लागतं. मासे घेतात, प्रवाळ घेतात, दगडांतले जिवाणू घेतात. देणारा उरतो फक्त पाण्याचा पृष्ठभाग, आणि तोही हलता असेल तरच. त्यात खाऱ्या पाण्याची जात मुळातच कमी ऑक्सिजन धरणारी. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. पाणी ३० अंशांवर गेलं की तो ६.२ पर्यंत उतरतो. म्हणजे पंप थांबला की आवक बंद होते, खर्च सुरूच राहतो, आणि पाणी तापेल तशी साठवणूकही आटते.

किती वेळ हातात असतो? मासे मोजके असतील तर बरेच तास. टाकी भरगच्च असेल तर दोन-तीन तासांतच मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. सर्जन माशासारखे मोठे, सतत पोहणारे मासे आधी त्रासतात. मध्यरात्री लाईट गेली तर वेळ आणखी कमी, कारण रात्री ऑक्सिजन तसाही उतरलेला असतो.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. स्वच्छ मग घ्यावा, टाकीतलं पाणी उचलावं आणि वीतभर उंचीवरून परत ओतावं. दर पंधरा-वीस मिनिटांनी काही मग. दुसरा उपाय बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप. “बुडबुड्यांतून ऑक्सिजन मिळतो” हाही एक समज आहे. बुडबुडा वर यायला जेमतेम एक-दोन सेकंद लागतात, तेवढ्यात फारसं काही विरघळत नाही. तो वर येताना पाणी ओढून आणतो आणि पृष्ठभाग ढवळतो, खरं काम तेच. म्हणून एअरस्टोन तळाशी सोडावा. एक सावधगिरी मात्र हवी: फुटणाऱ्या बुडबुड्यांचे खारे तुषार प्लग-बोर्डपर्यंत पोचता कामा नयेत.

“इन्व्हर्टर आहे, काळजी मिटली”

ही समजूत सर्वांत महाग पडते, म्हणून इथे जरा हिशेब मांडू.

घरोघरी असते ती १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी. कागदावर १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते, शिवाय इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते. हातात हजारेक वॅट-तास उरले तर नशीब, तेही बॅटरी नवी असेल तर. आता पाणी थंड करणारा तीनशे वॅटचा चिलर त्यावर लावा: सलग चालला तर साडेतीन तासांत खेळ खलास. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढतो, त्या झटक्यालाच छोटा इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. मग चिलर गेला, पंपही गेला.

त्याच बॅटरीवर फक्त एक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा पंप), एक एअर पंप आणि छोटा पंखा असे मिळून पंचवीस वॅट ठेवले तर चाळीस तास निघायला हवेत. निघत नाहीत. कारण इन्व्हर्टर स्वतःच्या पोटापाण्यासाठी पंधरा-वीस वॅट खातो, भार असो वा नसो. हलक्या कामाला तो कामापेक्षा नोकराचा पगार जड असा प्रकार होतो. त्यात त्याच इन्व्हर्टरवर घरातले चार पंखे आणि टीव्ही असतील तर टाकीच्या वाट्याला काय येणार?

म्हणून टाकीसाठी वेगळी बॅटरी आणि थेट डीसीवर चालणारा वेव्हमेकर ही जोडी उत्तम. मधला इन्व्हर्टरच गेला. पंप बॅटरीच्या व्होल्टचाच आहे ना, ते पाहून घ्यावं आणि मध्ये फ्यूज हवाच. एसी पंप चालवायचे असतील तर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर ते गुरगुरतात आणि तापतात, आणि ती उष्णता पाण्यातच जाते.

जनरेटर असेल तर तो घराबाहेर, उघड्यावर. बंद गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये लावलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड माशांच्या आधी माणसं मारतो.

“हिटर बंद पडला की पाणी गार पडेल”

चौकमध्ये? डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे, पडलंच तर. इथला शत्रू उकाडा आहे. मे महिन्यात या भागात पारा चाळिशीला टेकतो, आणि मुंबईकरांचं वीकेंडचं घर सोमवार ते शुक्रवार खिडक्या लावून बंद असतं. त्या खोलीत २६ अंशांवर राखलेली टाकी चिलरविना हळूहळू खोलीच्या तापमानाकडे सरकते. समुद्रातही नेहमीच्या उन्हाळी तापमानाहून एखादा अंश जास्त पाणी काही आठवडे राहिलं तरी प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकून पांढरे पडू लागतात. टाकीत ३० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, ही रेघ ठरवून ठेवावी.

लोक बर्फ टाकतात. सुटा बर्फ टाकला तर खारेपणा उतरतो. बंद बाटल्यांत गोठवलेला बर्फ तरंगत ठेवणं चालतं, पण त्याची ताकद पाहा. २०० लिटर पाणी एक अंशाने उतरवायला साधारण ८०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक लिटरची गोठलेली बाटली वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत साधारण ४४० शोषते. म्हणजे अर्धा अंश. उलट टाकीतलं एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर २४०० किलोज्यूल घेऊन जातं, तब्बल तीन अंशांएवढं. तेव्हा झाकण काढा आणि पृष्ठभागावर तिरका वारा येईल असा छोटा डीसी पंखा लावा. पाच-दहा वॅटचा पंखा जे करतो त्याला बाटल्यांची अख्खी रांग लागेल.

याला एक अट आहे: हवा कोरडी हवी. मेच्या दुपारी हा पंखा झकास चालतो. जुलैत हवेतच पाणी भरलेलं असतं, फारशी वाफ होत नाही, पण तेव्हा उकाडाही तितका नसतो. अडचण होते ऑक्टोबरात, ऊनही आणि दमटपणाही. बाटल्या राखून ठेवायच्या त्या ऑक्टोबरसाठी.

उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. त्यामुळे भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. आणि इथे आणखी एक गोष्ट लक्षात येते: लाईट नसली की घरातला आरओही बंद असतो आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटारही. वीसेक लिटर आरओ पाणी आणि मीठ मिसळून तयार ठेवलेलं तितकंच खारं पाणी झाकून बाजूला असावं. बोअरवेलचं पाणी किंवा पनवेलच्या खाडीतून भरून आणलेले कॅन हा पर्याय नाही. पावसाळ्यात तर किनाऱ्याजवळचं पाणी गढूळही असतं आणि नद्यांच्या लोंढ्याने अळणीही.

“पोटभर खायला घाला, म्हणजे तग धरतील”

उलट. पचनाला ऑक्सिजन लागतो, आणि विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया वाढतो. निरोगी मासा काही दिवस उपाशी राहू शकतो.

“फिल्टरमधले जिवाणू तासाभरात मरतात” हेही असंच. लाइव्ह रॉकवरचे जिवाणू थोड्या हलत्या पाण्यातही टिकतात. धोका असतो तो बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरला. त्यातलं पाणी साचतं, काही तासांत ऑक्सिजन संपतो आणि आत कुजायला लागतं. बराच वेळ बंद राहिलेला कॅनिस्टर तसाच चालू केला तर ती घाण सरळ टाकीत येते. आधी त्यातलं पाणी फेकून द्यावं, आतलं सामान टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्यावं.

   

“लाईट आली, सुटलो”

बहुतेक नुकसान इथे होतं. दुरुस्तीनंतर लाईन चालू केली की ती कधी कधी टिकत नाही. पाच मिनिटं येते, जाते, पुन्हा येते, आणि व्होल्टेज कधी कमी कधी जास्त. कॉम्प्रेसरला बंद झाल्यावर किमान तीन-चार मिनिटांची उसंत लागते. ती मिळाली नाही तर तो जळू शकतो. वेळ-विलंब असलेला स्टॅबिलायझर चिलरच्या किमतीपुढे काहीच नाही. घरी असाल तर चिलर आणि स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) बंदच ठेवा, लाईट पंधरा-वीस मिनिटं स्थिर राहू द्या. मग आधी वेव्हमेकर, नंतर सम्पमधून, म्हणजे खालच्या फिल्टर-टाकीतून, पाणी वर ढकलणारा रिटर्न पंप, सम्पची पातळी जागेवर आल्यावर स्किमर, शेवटी चिलर. स्किमर घाईने लावला तर भरलेल्या सम्पमुळे तो कपातली घाण जमिनीवर ओततो.

आता त्या सम्पविषयी. रिटर्न पंप थांबला की वरच्या टाकीतलं पाणी पाइपमधून उलटं खाली येतं, पाइपचं तोंड हवेत उघडं पडेपर्यंत. एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावला आहे म्हणून निर्धास्त राहू नये. त्यात चुन्याचा थर बसतो किंवा गोगलगाय अडकते, आणि तो उघडाच राहतो. पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली छोटं छिद्र पाडलं की हवा शिरते आणि ओढ तुटते. तेही भोक अधूनमधून काडीने साफ करावं. आणि एवढं करूनही खाली येणारं पाणी मावेल इतकी जागा सम्पमध्ये रिकामी हवी.

एक प्रकार असा की गावात लाईट आहे आणि फक्त तुमच्याकडे नाही. खारं पाणी वायरवर ठिबकलं, करंटची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी पडला. तो पडला म्हणजे त्याने कुणाचा तरी जीव वाचवला असेल, म्हणून तो काढून टाकणं हा उपाय नव्हे. टाकीची वायर प्लगकडे जाताना खाली झोल देऊन न्यावी, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत न जाता झोलाच्या तळाशी गळून पडतो. वेव्हमेकरची लाईन इतर उपकरणांपासून वेगळी असावी. मोबाइलवर सूचना देणारं यंत्र बसवलं असेल तर राउटर बॅटरीवर आहे ना, ते पाहा. नसेल तर सूचना लाईटबरोबरच जाते.

घर वीकेंडचं असेल तर महावितरणकडे स्वतःचा मोबाइल नंबर नोंदवलेला असावा. बिलावर अजून बिल्डरचा किंवा जुन्या मालकाचा नंबर असेल तर दुरुस्तीसाठी लाईट बंद राहणार असल्याचे एसएमएस त्यांनाच जातात. तक्रारीसाठी १९१२. टाकीच्या कपाटाला आतून एक कागद चिकटवा, राखणदाराला कळेल अशा मराठीत: कुठला प्लग कुठे, मगाने पाणी कसं ओतायचं, काय अजिबात करायचं नाही. आणि एप्रिलच्या शेवटी, वळीव सुरू व्हायच्या आत, एखाद्या शनिवारी दुपारी स्वतःच मेन स्विच पाडा. दोन तास थर्मामीटर आणि सम्पची पातळी बघत बसा, कागदावरची कामं राखणदारालाच करू द्या. सम्प ओसंडायचा असेल तर त्याच दिवशी ओसंडू दे, फडकं घेऊन तुम्ही घरात असताना.