‘सी’ कावीळ आणि मधुमेह

अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर कोणास कावीळ झाली कीं, ती ‘उतरविणारा’ शोधावयाचा व रोग्यास उंसाचा रस पाजावयाचा, असा जुना रिवाज आहे. ‘सी’ विषाणूच्या काविळींत तो दुहेरी फसवा ठरतो. एक तर ह्या रोगांत डोळे पिवळे होतातच असें नाहीं. विषाणू वीस-वीस वर्षें यकृतांत निमूट राहतो. दुसरें असें कीं, त्याच्या सोबतीनें कित्येकांस मधुमेह जडतो, आणि मग तो गोड रसच अपाय करतो.

यकृताचा व साखरेचा संबंध काय, असें कोणी विचारील. यकृत हें शरीराचें कोठार होय. जेवणानंतर रक्तांत आलेली साखर तें साठवितें आणि उपाशीपोटीं थोडथोडी बाहेर सोडतें. केव्हां सोडावी व केव्हां थांबावें, हा हुकूम इन्शुलीनचा. विषाणू शिरला म्हणजे यकृताच्या पेशी हा हुकूम नीट मानीत नाहींत. कोठाराचें दार उघडेंच राहतें, रक्तांत साखर वाढते, आणि अधिकाधिक इन्शुलीन पुरवितां पुरवितां स्वादुपिंड थकून जातें. प्रत्येकास असें होतें असें नव्हे. वय, स्थूलता व घराण्यांतील मधुमेह ह्यांचाही त्यांत वांटा असतो. उलटपक्षीं, मधुमेह असल्यास रोगट यकृत लवकर निबर होतें.

हा विषाणू १९८९ सालीं ओळखला गेला. तो पाण्यांतून नव्हे, रक्तांतून पसरतो: एकाची सुई दुसऱ्यास टोचल्यानें, जत्रेंत एकाच सुईनें अनेकांस गोंदल्यानें, न्हाव्याच्या वस्तऱ्यानेंही. घरांत साखर तपासण्याची टोचणी दोघांनीं वापरणें म्हणूनच धोक्याचें. ही गोष्ट मुलांनीं आजी-आजोबांस अवश्य सांगावी.

आतां ह्यावर गोळ्या निघाल्या आहेत. बहुधा बारा आठवडे त्या घेतल्यास शंभरांतील पंचाण्णवांच्या आसपास रोगी विषाणूमुक्त होतात. २०१८ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य आहेत. विषाणू गेल्यावर पुष्कळांची साखर उतरते. मात्र जुन्याच मात्रेनें इन्शुलीन चालू ठेवल्यास ती फार खालीं जाऊन घाम सुटतो, भोवळ येते. मात्रा वैद्यांकडून बदलून घ्यावी.

मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांनीं अलिबागच्या जिल्हा रुग्णालयांत ह्या तपासणीविषयीं विचारावें. पहिल्या परीक्षेनें विषाणू कधीं तरी शरीरांत आला होता एवढेंच कळतें. तो अद्याप आहे कीं नाहीं, हें दुसरीनें ठरतें.