सुईखालचा पाय

आमच्या घरी पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. तिच्या सुईपाशी दोन बोटांसारखा लोखंडी तुकडा असतो. त्याला फूट म्हणतात. नरसीचे संत नामदेव शिंप्याच्या घरचे. (नरसी 1999 पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होती.) त्या काळी कापड हाताच्या बोटांनीच धरून शिवत. आता ते काम फूट करतो. तो वरून कापड दाबतो आणि खालचे दाते ते मागे सरकवतात. फूट खाली न सोडता मशीन चालवली तर कापड जागचं हलत नाही, खाली नुसता दोऱ्याचा गुंता होतो.

दोन बोटांचा फूट रोजच्या सरळ शिलाईला. दप्तराची चेन बसवायला मात्र एकाच बोटाचा लागतो. रुंद फूट चेनच्या दात्यांवर चढतो अन् शिलाई वाकडी जाते. तिसऱ्याच्या तोंडाशी गोगलगायीसारखा वळसा असतो. त्यात रुमालाची कड घातली की ती आपोआप दुमडून येते. मला हाच लई आवडतो, पण गणवेशाच्या जाड कापडाला तो चालत नाही.

नवा फूट बसवला की आई स्क्रू घट्ट करते आणि आधी हाताने चाक हळू फिरवून बघते. सुई फुटाला थटली तर तुटते, तुकडा डोळ्यात उडू शकतो. तोवर ती धाकट्याला मशीनजवळ येऊ देत नाही.