परीक्षानळी

शाळेच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकताच लाकडी स्टँडमध्ये ओळीने उभ्या केलेल्या काचेच्या नळ्या दृष्टीस पडतात. एका टोकाला बंद व दुसऱ्या टोकाला उघडी अशी ही नळी म्हणजेच परीक्षानळी होय. तिचा तळ गोल असल्यामुळे ती आपल्या आधाराने उभी राहू शकत नाही. हा दोष वाटतो खरा. परंतु तळाला कोपरे नसल्यामुळे उष्णता सर्व बाजूंना सारखी पोचते व धुताना मळ कोठे दडून राहत नाही. तापविण्याच्या नळ्या बोरोसिलिकेट काचेच्या असतात. ही काच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील ओटो शॉट यांनी तयार केली. तापल्यावर ती साध्या काचेच्या सुमारे एकतृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून सहसा तडकत नाही. नळी तापविताना मात्र तिचे तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे असू नये. आतील द्रव एकाएकी उसळून बाहेर येतो.

चुन्याच्या निवळीत श्वास फुंकला की ती दुधाळ होते, भाताच्या पेजेत आयोडीनचे थेंब टाकले की ती निळी-काळी होते. हे प्रयोग विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत. परंतु हीच नळी कधी कधी माणसाच्या जीवनमरणाचा प्रश्न सोडविण्यास मदत करते.

वर्धा जिल्हा हा कापूस, तूर व सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा. पावसाळ्यात शेतात सर्पदंश घडतात, आणि असे रुग्ण सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणले जातात. याच रुग्णालयाला जोडून १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. साप पुष्कळदा अंधारात निसटून जातो. मग तो विषारी होता की बिनविषारी, हे कसे ओळखावे?

अशा वेळी भारतातील रुग्णालयांत एक साधी परीक्षा करतात. रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त नव्या, स्वच्छ व कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे मुळीच न हलविता ठेवतात व नंतर एकदा कलती करतात. निरोगी माणसाचे रक्त एवढ्या वेळात गोठून तळाशी बसते. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्त गोठविणारे घटक आधीच खर्ची पडलेले असतात. त्यामुळे रक्त पाण्यासारखे वाहते. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते; प्लॅस्टिकच्या नळीत ती तशी होत नाही. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही, कारण साबणाचा अंश राहिला तर उत्तर चुकते. एरवी स्वच्छतेसाठी वाखाणला जाणारा साबण येथे घातक ठरावा, हे नवलच!

नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. त्यांच्या दंशात रक्त नेहमीप्रमाणे गोठते, म्हणून वैद्य रुग्णाच्या पापण्या मिटत आहेत का, श्वास मंदावत आहे का, हे पाहतात. नळीतील रक्त पहिल्या वेळी गोठले तरी निर्धास्त न राहता ठराविक अंतराने परीक्षा पुन्हा करतात, कारण विष कधी कधी सावकाश भिनते.

रक्त गोठत नाही असे दिसताच घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेले प्रतिविष शिरेतून देतात. सहा तासांनी पुन्हा एका नव्या नळीत रक्त घेतात व वीस मिनिटे वाट पाहतात. नळी कलती केल्यावर रक्त जागचे हलले नाही, तर प्रतिविषाने आपले काम केले असे वैद्य समजतात. ते वाहू लागले, तर प्रतिविष पुन्हा द्यावे लागते.