पक्षाघात : वय आणि वेळ

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की पक्षाघात होतो. परंतु पन्नाशीतील व ऐंशी ओलांडलेल्या रुग्णांत त्याची कारणे पुष्कळदा भिन्न असतात. तुलनेने तरुण रुग्णांत तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब, क्वचित लहानपणीच्या सांधेतापाने बिघडलेली हृदयाची झडप कारणीभूत असते. ऐंशीनंतर मात्र हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे प्रमाण वाढते. अशा हृदयात साकळलेली गुठळी मेंदूतील मोठी रक्तवाहिनी अडवू शकते. म्हणून वृद्धांत अपंगत्व व मृत्यू यांचा धोका अधिक.

तरीही 'आता वय झाले' म्हणून वृद्धांना घरीच ठेवणे योग्य नव्हे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत दिल्यास ऐंशीपुढील योग्य रुग्णांनाही लाभ होतो, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणाने दाखविले. शिरूर वा दौंडहून पुणे गाठण्यातच दीड-दोन तास जातात. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी, अशी आमची कुटुंबीयांना विनंती आहे. आजोबा असोत वा नातू, मेंदूसाठी प्रत्येक मिनिट सारखेच मोलाचे आहे.