व्हिडिओ गेम निर्मितीची सुलभ साधने

व्हिडिओ गेम निर्मितीची सुलभ साधने म्हणजे प्रोग्रॅमिंगचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या व्यक्तीलाही स्वतःचा व्हिडिओ गेम तयार करता यावा, या हेतूने रचलेली सॉफ्टवेअर होत. पडद्यावर चित्र उमटवणे, दाबलेल्या कळीची नोंद घेणे, दोन वस्तूंची टक्कर ओळखणे आणि ध्वनी वाजवणे ही कामे जवळजवळ प्रत्येक गेममध्ये करावी लागतात. अशा साधनांत ती आधीच करून ठेवलेली असल्यामुळे निर्मात्याला गेमचे नियम, चित्रे आणि कथा यांवर लक्ष देता येते. स्क्रॅच, ट्वाइन, आरपीजी मेकर, गेममेकर, रेनपाय आणि गोडो ही या प्रकारातील परिचित नावे आहेत.

इतिहास

घरगुती संगणकांच्या सुरुवातीच्या काळात वेगवान गेम लिहिण्यासाठी बहुधा यंत्रभाषेचे ज्ञान लागे. अमेरिकन प्रोग्रॅमर बिल बज यांच्या ‘पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट’ने वेगळी वाट दाखवली. १९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने प्रकाशित केलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये सुटे भाग उचलून पटावर मांडले की खेळण्याजोगे पिनबॉल तयार होई. १९९१ मध्ये टिम स्वीनी यांनी ‘झेडझेडटी’ या गेमसोबत त्याचा संपादकही खेळाडूंच्या हाती दिला. १९९० च्या दशकात जपानमध्ये आरपीजी मेकर मालिका सुरू झाली. नेदरलँड्समधील युट्रेख्ट विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ मध्ये गेममेकरची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने विकसित केलेले स्क्रॅच २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले.

कार्यपद्धती

बहुतेक व्हिडिओ गेमच्या मुळाशी एक अखंड फेरा असतो. खेळाडूची कृती तपासणे, त्यानुसार वस्तूंची स्थिती बदलणे आणि चित्र पुन्हा रेखाटणे हे तीन टप्पे सेकंदाला साधारणपणे ३० किंवा ६० वेळा पार पडतात. सुलभ साधने हा फेरा स्वतः चालवतात. ‘अमुक घडल्यास तमुक कर’ एवढेच नियम निर्मात्याने सांगायचे असतात. ते सांगण्याची पद्धत मात्र साधनागणिक बदलते. कुठे रंगीत ठोकळे जोडावे लागतात, कुठे तक्त्यात घटना व कृती निवडाव्या लागतात, तर कुठे सोपी संहिता लिहावी लागते.

वरून पडणारा आंबा टोपलीत झेलण्याचा गेम हे याचे एक साधे उदाहरण आहे. स्क्रॅचचा रंगमंच ४८० एकक रुंद व ३६० एकक उंच असून त्याच्या मध्यबिंदूचे सहनिर्देशक (०, ०) असतात. टोपलीला एकच नियम पुरतो: तिचा क्ष-निर्देशक सतत माउसच्या क्ष-निर्देशकाइतका ठेवणे. आंब्याचा य-निर्देशक प्रत्येक फेऱ्यात ५ ने कमी केला की तो पडू लागतो. आंबा टोपलीला टेकला तर ‘गुण’ या चलात १ मिळवून त्याला पुन्हा वर, यादृच्छिक ठिकाणी पाठवायचे. तो तळाशी पोहोचला तर गेम थांबवायचा. एवढ्या मांडणीतून सहनिर्देशक, चल, अट आणि पुनरावृत्ती या प्रोग्रॅमिंगमधील मूलभूत संकल्पना नवशिक्याच्या हाताखालून जातात.

प्रमुख साधने

स्क्रॅच: मुख्यतः ८ ते १६ वर्षे वयोगटासाठी तयार केलेले, मोफत आणि ब्राउझरमध्ये चालणारे साधन. ठोकळ्यांच्या आकारामुळे विसंगत आज्ञा एकमेकींना जोडल्याच जात नाहीत. त्यामुळे व्याकरणाच्या चुका टळतात. इतरांचे प्रकल्प उघडून पाहण्याची व त्यात बदल करून नवा प्रकल्प करण्याची सोय आहे.

ट्वाइन: ख्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले मुक्तस्रोत साधन. यात वाचकाच्या निवडीनुसार पुढे सरकणारी कथा लिहिता येते. शब्द दुहेरी चौकटी कंसात लिहिला की तो पुढील परिच्छेदाचा दुवा होतो. तयार कथा वेबपानाच्या स्वरूपात मिळते.

आरपीजी मेकर: नकाशे, पात्रे, संवाद आणि लढाया असलेल्या भूमिकाप्रधान गेमसाठीची सशुल्क मालिका. कान गाओ यांचा ‘टू द मून’ (२०११) यावर तयार झाला.

गेममेकर: प्रामुख्याने द्विमितीय गेमसाठी वापरले जाते. यात दृश्य स्वरूपातील आज्ञांकडून लिखित संहितेकडे क्रमाने जाता येते. टोबी फॉक्स यांचा ‘अंडरटेल’ (२०१५) गेममेकरमध्ये घडला.

रेनपाय: पायथन भाषेवर आधारलेले, चित्रकथात्मक गेमसाठीचे मुक्तस्रोत साधन. यातील संहिता नाटकाच्या संवादांप्रमाणे, पात्राचे नाव आणि त्याचे वाक्य अशा क्रमाने लिहिली जाते.

गोडो: हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या अर्जेंटिनातील प्रोग्रॅमरांनी सुरू केलेले इंजिन. २०१४ मध्ये ते एमआयटी परवान्याखाली मुक्तस्रोत झाले. वरील साधनांपेक्षा ते शिकण्यास अधिक वेळ लागतो. मात्र द्विमितीय व त्रिमितीय असे दोन्ही प्रकारचे गेम त्यात करता येतात.

देवनागरी लिपीचा वापर

मराठीत गेम करणाऱ्याला लिपीची एक विशेष अडचण येते. युनिकोडमध्ये ‘कि’ हे अक्षर आधी ‘क’ व नंतर ऱ्हस्व वेलांटी अशा क्रमाने साठवले जाते, पण वेलांटी दिसते ‘क’च्या आधी. ‘क्ष’ हे जोडाक्षर ‘क’, हलन्त चिन्ह आणि ‘ष’ अशा तीन संकेतांचे असते. अक्षरांची ही जुळणी न करता प्रत्येक संकेत सुटा रेखाटणाऱ्या साधनात वेलांट्या भलत्या जागी जातात आणि जोडाक्षरे फुटतात. ब्राउझर ही जुळणी स्वतः करत असल्यामुळे ट्वाइनमधील मराठी मजकूर व्यवस्थित दिसतो. गोडोमध्ये अशा लिप्यांसाठीची व्यवस्था मार्च २०२३ मधील ४.० आवृत्तीत आली. जेथे ही सोय नसते तेथे मजकूर चित्ररूपाने वापरता येतो, परंतु मग प्रत्येक दुरुस्तीसाठी नवे चित्र करावे लागते.

मर्यादा आणि परवाने

साधन जितके सोपे, तितके त्यातील निर्णय आधीच घेतलेले असतात. आरपीजी मेकरमध्ये लढाई लवकर उभी राहते, पण शर्यतीचा गेम करणे कष्टाचे ठरते. काही साधनांत मर्यादा हेतुपुरस्सर घातलेली असते. पिको-८ मध्ये १२८ × १२८ पिक्सेलचा पडदा आणि १६ रंग एवढेच मिळतात. ‘सेलेस्ट’ (२०१८) या गेमचा मूळ छोटा अवतार याच साधनात अवघ्या चार दिवसांत तयार झाला होता.

तयार झालेल्या गेमचे भवितव्यही साधनावर अवलंबून राहते. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेयरचा आधार थांबवल्यावर त्यावर चालणारे असंख्य गेम ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. स्क्रॅचची दुसरी आवृत्तीही फ्लॅशवर आधारलेली होती. २०१९ मधील तिसऱ्या आवृत्तीसाठी तिची नव्या तंत्रावर पुनर्रचना झाल्यामुळे जुने प्रकल्प टिकले. व्यावसायिक क्षेत्रात रूढ असलेल्या युनिटी इंजिनच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये ठरावीक मर्यादेनंतर गेमच्या प्रत्येक स्थापनेवर शुल्क जाहीर केले. निर्मात्यांच्या तीव्र विरोधानंतर पुढील वर्षी ते रद्द झाले. मुक्तस्रोत साधनांची मिळालेली आवृत्ती वापरत राहण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो. त्यामुळे साधन निवडताना गेमचा प्रकार आणि शिकण्यास लागणारा वेळ यांबरोबरच परवाना, तयार गेम कोणत्या स्वरूपात मिळतो आणि मूळ फाइली स्वतःजवळ राहतात का, हेही महत्त्वाचे ठरते.