सांध्याची पावडर घेण्याआधी चंदी तपासा



घोडा लंगडू लागला की मालक दुकानात जाऊन सांध्याच्या पावडरीचा डबा आणतो. कोणता डबा चांगला, असा प्रश्न आपल्या कार्यक्रमाकडेही येतो. त्याचे उत्तर पुढे दिले आहे, पण आधी हातकणंगले तालुक्यातील एका घोडीची हकिकत वाचा.

घोडी गाडीची, वजन अंदाजे ३०० किलो. मालक म्हणाले, "दोन डबं संपलं साहेब, तरी पाय टेकंना झालीया. आज फुडचा पाय, चार दिसांनी मागचा." डब्यांची किंमत ऐकून मी गप्पच बसलो. मग घोडी रोज काय खाते ते विचारले. रोज २ किलो गव्हाचा कोंडा, बांधावरचे संकरित नेपियर आणि गळीत हंगामात उसाचे वाढे. कोंड्याने पोट साफ राहते म्हणून वडिलांच्या वेळेपासून कोंडाच चालू होता.

मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण खुराकाचा हिशेब मला मांडता येतो. ३०० किलोच्या घोड्याला हलक्या दिवशीही साधारण १२ ग्रॅम कॅल्शियम आणि ८ ते ९ ग्रॅम स्फुरद लागते. काम असेल तर जास्त. २ किलो कोंड्यात स्फुरद सुमारे २० ग्रॅम, कॅल्शियम मात्र २ ते ३ ग्रॅमच. घोड्याच्या पोटात स्फुरदापेक्षा कॅल्शियम जास्त जायला हवे. इथे सगळे उलटे झाले होते. भरीला नेपियर आणि वाढे यांत ऑक्झलेट असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर जाते. रक्ताला तर कॅल्शियम हवेच, मग शरीर ते हाडातून काढून घेते. हाडे पोकळ होतात, सांध्याजवळ दुखू लागते, लंगडणे एका पायावरून दुसऱ्यावर जाते. पुढे तोंडाची हाडे दोन्ही बाजूंनी फुगतात. घरातला पैसा संपला की माणूस भिंतीच्या विटा विकतो, तसलाच हा प्रकार. असल्या घोडीला सांध्याची पावडर देऊन काय होणार?

पशुवैद्यकांनी तपासणी करून कोंडा ओंजळभरावर आणला, नेपियर व वाढे बंद करून कडबा आणि रानातले गवत लावले, रोज ३ किलो हिरवा लसूणघास सुरू केला. तेवढ्या लसूणघासातून ८ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. शिवाय खाद्यात वापरायची चुनखडीची भुकटी मापून दिली. रंगाचा किंवा पानाचा चुना नव्हे. दोन-अडीच महिन्यांनी घोडी मोकळी चालू लागली. पुढच्या उजव्या गुडघ्याची जुनी सूज मात्र राहिली ती राहिलीच, आणि शर्यतीला ती परत जुंपली नाही.

चंदी ठीक असेल तर खूर पाहावा. खूर वाढून पुढे आला की प्रत्येक पावलाचा ताण वरच्या सांध्यावर येतो. नालबंदाला ६ ते ८ आठवड्यांनी बोलवावे, नाल झिजण्याची वाट पाहू नये. कोणता पाय दुखतो हे ओळखायला घोडा कठीण जमिनीवर दुडक्या चालीने सरळ चालवा. दुखरा पुढचा पाय टेकताना तो मान वर उचलतो, चांगला टेकताना मान खाली जाते.

एवढे करूनही म्हाताऱ्या घोड्याचा सांधा धरत असेल तर पावडर घेऊन पाहण्यास हरकत नाही. तिचा गुण येतोच असे पक्के सिद्ध झालेले नाही. डब्यावर ग्लुकोसामाईन किती ते वाचा. मोठ्या, ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास देतात. आपल्या तट्टाला त्या मानाने ६ ग्रॅम. डब्यावर "१००० मिलिग्रॅम" असा आकडा मोठा दिसतो, पण तो अवघा १ ग्रॅम. एका मापात किती ग्रॅम आणि डबा किती दिवस पुरेल, हे पाहून मगच किंमत ताडावी. ज्याच्यावर प्रमाणच छापलेले नाही तो डबा परत ठेवा. दोन महिने देऊन, त्याच वाटेवर त्याच चालीने चालवून फरक दिसला नाही तर पुढचा डबा घेऊ नका.

बैलासाठी ही पावडर घेऊच नये. बैल रवंथ करणारा. पहिल्या पोटातले जंतूच ती बरीचशी फस्त करतात. त्याला खनिज मिश्रण द्यावे. उलट, गुरांचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्य घोड्याला कधी घालू नका. काहींत मोनेन्सिन असते. त्याने कोंबडीला काही होत नाही, घोडा मात्र दगावतो.

दुखणे मारणारी सुई टोचून घोडा शर्यतीला किंवा भाड्याला जुंपणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. दुखत नाही म्हणून जनावर पाय जोरात आपटते आणि उरलासुरला सांधा झिजतो. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून, तर केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकवर २०२३ पासून बंदी आहे, कारण असे मेलेले जनावर खाऊन गिधाडे मरतात. कुणी घरी येऊन सुई देत असेल तर बाटलीवरचे नाव वाचून घ्या.

प्रश्न पाठवताना घोड्याचे वय, अंदाजे वजन, कोणता पाय, किती दिवस आणि रोजची चंदी किलोत लिहून कळवावी. "थोडा कोंडा" असे लिहू नये, एकदा तागडीत घालून पाहावा.